पोत्याचं वजन जुळत नाही, दुधाची फॅट जुळत नाही, आणि काटा मात्र बरोबर आहे, असं का?

फेब्रुवारी संपला की सांगलीत हळदीचे सौदे जोरात सुरू होतात आणि माझ्याकडं काट्यांची रांग लागते. मी वजनकाटे दुरुस्त करतो, प्लॅटफॉर्मचे, दुकानातले टेबलवरचे, सगळे. रांग लागते म्हणजे धंदा जोरात असं वाटेल, पण खरं सांगू का, त्यातल्या बऱ्याच काट्यांना काहीच झालेलं नसतंय. माणूस काटा गाडीला बांधून वीस-पंचवीस किलोमीटर घेऊन येतो, मी वर वीस किलोचं माप ठेवतो, डिस्प्लेवर बरोबर वीस येतंय, आणि मग तो माझ्याकडं असा बघतो की जणू मीच काहीतरी हातचलाखी केली. तक्रार ठरलेली असते, घरचं वजन आणि पट्टीवरचं, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या पावतीवरचं, वजन जुळत नाही. दुसरी तक्रार पण तितकीच ठरलेली, सरासरी जुळत नाही. दोन्हीची उत्तरं तोंडी सांगून सांगून घसा बसला म्हणून ह्या वेळी एकदाच लिहून ठेवतोय, पुढच्या माणसाला हेच वाचायला देणार आणि मी माझ्या सोल्डरिंगला लागणार.

मागच्या हंगामात तासगावकडचे एक आण्णा आले. बारा पोती हळद. घरच्या काट्यावर एकेक पोतं चढवून त्यांनी वहीत नीट लिहून ठेवलेलं, बेरीज ६०७ किलो २०० ग्रॅम. पट्टी आली ५८९ किलोची. अठरा किलो दोनशे ग्रॅम कुठं गेली? आण्णा लालेलाल. त्यांचं म्हणणं एकच, तिकडं काटा मारलाय, तुम्ही फक्त माझा काटा बरोबर आहे एवढं लिहून द्या, मी जाऊन भांडतो. मी म्हणलं आण्णा आधी बसा, चहा घ्या.

चहा येईपर्यंत पहिला प्रश्न विचारला, बारदान धरलं होतं का? आण्णा गप्प. त्यांनी पोत्यासकट वजन केलेलं आणि पट्टीवर असतंय निव्वळ मालाचं वजन. रिकामं एक पोतं त्यांच्या गाडीतच पडलेलं, तागाचं, जाड, ते टेबल काट्यावर टाकलं तर ९०० ग्रॅम भरलं. बारा पोत्यांचे झाले १० किलो ८०० ग्रॅम. निम्म्याच्या वर भांडण चहाच्या आधीच संपलं.

मग काटा. मधोमध वीस किलोचं माप ठेवलं, बरोबर वीस. आण्णा म्हणले बघा! मी म्हणलं थांबा, आणि तेच माप एकेका कोपऱ्यावर सरकवत गेलो. तीन कोपऱ्यांवर वीस, चौथ्यावर २० किलो ८० ग्रॅम. विचारलं पोतं काट्यावर ठेवताना कुठल्या बाजूनं ठेवता, तर काटा पडवीच्या पायरीला लागून असायचा आणि पोतं पायरीवरनं खाली ढकललं की नेमकं त्याच कोपऱ्यावर बसायचं. वीस किलोला ८० ग्रॅम म्हणजे पन्नास किलोला २०० ग्रॅम, बारा पोत्यांचे २ किलो ४००. हा दोष मी मान्य केला, उघडून बघितलं तर आतला एक बोल्ट ढिला होता, पोती धाडकन आपटून आपटून झालेला. पाच मिनिटाचं काम.

राहिले पाच किलो. पोती घरी मोजल्यावर लगेच नेली का? नाही, भाव वाढंल म्हणून महिनाभर पत्र्याच्या शेडात ठेवलेली, ते पण एप्रिलमध्ये. आता हिशोब बघा. बारदान आणि कोपरा काढून घरचं खरं वजन होतंय ५९४ किलो. समजा तेव्हा हळदीत पावणेअकरा टक्के पाणी होतं आणि विकताना दहा टक्के. सुका भाग तेवढाच राहतोय, ५९४ चे ८९.२५ टक्के म्हणजे साधारण ५३०. तो आता ९० टक्के झाला म्हणजे एकूण वजन ५३० भागिले ०.९, आलं ५८९. आण्णांनी ओलावा मोजलेला नव्हता, त्यामुळं नेमकं इतकंच झालं असं मी शपथेवर म्हणणार नाही, पण पाऊण टक्का उतरायला एप्रिलचा पत्रा पुष्कळ झाला.

आण्णा म्हणले, मग भांडायला जाऊ नको म्हणताय? म्हणलं जावा की, पण वजनावरनं नाही, बारदान किती कापलं ते विचारा. तुमचं पोतं ९०० ग्रॅमचं आणि त्यांनी सरसकट एक किलो कापलं असंल तर पोत्यामागं शंभर ग्रॅम तुमची. ते मागा.

काटामारी होतच नाही असं मी म्हणत नाहीये, उसापासनं कांद्यापर्यंत सगळीकडं लोक उगाच बोंब मारत नाहीत. पण संशय घेण्याआधी स्वतःचं घर तपासायचं आणि ते ह्याच क्रमानं तपासायचं: आधी बारदान, मग काटा, मग ओलावा. उलट्या क्रमानं गेलात तर नुसती भांडणं होतात. अजून एक, व्यापारात वापरायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याचं स्टॅम्पिंग वर्षाला आणि लोखंडी मापांचं दोन वर्षाला वैधमापनशास्त्र विभागाकडनं करून घ्यावं लागतंय, २००९ चा कायदा आहे त्याचा. घरच्या वापराच्या काट्याला ती सक्ती नाही, पण मग त्या काट्यावरचं वजन भांडणात पुरावा म्हणून चालंल अशी आशा पण करू नका.

काटा घरी कसा तपासायचा. आधी तो सपाट आहे का बघा, बऱ्याच काट्यांना एक छोटा बुडबुडा दिलेला असतोय, तो गोलाच्या मधी पाहिजे. पाय फिरवून तो मधी आणता येतोय हे कित्येकांना माहीतच नसतंय, काटा घेऊन तीन वर्षं झाली तरी. बॅटरी फुल करा, चालू करून पाच-दहा मिनिटं तसाच राहू द्या. पंखा बंद करा, हे दागिन्याच्या आणि मसाल्याच्या काट्याला फार महत्त्वाचं, वाऱ्यानं आकडे नाचतात आणि माणूस म्हणतो लोडसेल, म्हणजे आतला दाब मोजणारा भाग, गेली. प्लॅटफॉर्मच्या खाली दाणे, खडे, उंदरानं आणून ठेवलेलं काहीबाही अडकलंय का बघा. गेल्या वर्षी एका काट्याखाली शाळूचे इतके दाणे निघाले की त्यात एक भाकरी झाली असती.

आता काट्याला चिकटवलेली ती बारकी पट्टी, जी कुणी वाचत नाही. त्यावर मॅक्स, मिन आणि ई असं लिहिलेलं असतंय. मॅक्स कळतंय सगळ्यांना. ई म्हणजे काट्याचा एक घर किती ग्रॅमचा, आणि मिन म्हणजे ह्याच्याखाली ह्या काट्यावर मोजूच नका. दुकानातला तीस किलोचा काटा असंल आणि ई पाच ग्रॅम असंल तर मिन असतंय १०० ग्रॅम, म्हणजे ई च्या वीस पट. आता ह्या काट्यावर पन्नास ग्रॅम वेलदोडा मोजला तर काटा ५० दाखवंल, ४५ दाखवंल, ५५ दाखवंल, तिन्ही त्याच्या दृष्टीनं ठीकच आहेत. वेलदोड्याचा भाव बघता पाच ग्रॅम म्हणजे किती रुपये ते तुम्हीच बघा. एक मावशी मसाले विकतात, त्या हेच करायच्या आणि महिन्याच्या शेवटी माल कमी पडायचा. काट्यात दोष नव्हता, काटा त्या कामाचा नव्हता. एक ग्रॅमचा छोटा काटा घेतला, प्रश्न मिटला.

छोटा काटा तपासायला माप नसंल तर दहा रुपयाची नाणी घ्या. एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतंय, तेरा नाणी ठेवली की १०० ग्रॅमच्या जरासं वर. झिजलेली घेऊ नका. मोठ्याला पाणी चालतंय, एक लिटर म्हणजे एक किलोच धरा, फक्त लिटरचं माप खरं पाहिजे. आणि सगळ्यात सोपं म्हणजे ओळखीच्या दुकानदाराकडनं पाच किलोचं शिक्का असलेलं माप घटकाभर मागून आणा, चहा पाजा त्याला.

वेब्रिजचं, म्हणजे अख्खी गाडी मोजायच्या मोठ्या काट्याचं, दोन शब्दात सांगतो. भरलेली गाडी वजा रिकामी गाडी म्हणजे माल, हे सगळ्यांना येतंय. पण भरलेली मोजताना ड्रायव्हर खाली आणि रिकामी मोजताना ड्रायव्हर आत, असं झालं की सत्तर किलो तुमचे गेले. डिझेलचं पण तसंच, शंभर लिटर डिझेल साधारण ८३ किलो भरतंय, त्यामुळं गाडीचं रिकामं वजन गेल्या महिन्याचं धरून चालू नका, त्याच खेपेला मोजा. चिखलाचं तर बोलायलाच नको. आणि ऊस तोडून दोन दिवस बांधावर पडला तर तो वाळतोच, तिथं काट्याला शिव्या घालून उपयोग नाही, तोडणीच्या मुकादमाला घाला.

आता ओलाव्याबद्दल एक गोष्ट जी सोयाबीनवाल्या निम्म्या लोकांची चुकते. १०० किलो सोयाबीन, ओलावा १६ टक्के, वाळवून १२ वर आणला. किती किलो राहिलं? सगळे म्हणतात ९६. नाही. सुका भाग ८४ किलो, तो आता ८८ टक्के आहे, म्हणजे ८४ भागिले ०.८८, ९५ किलो ४५० ग्रॅम. चार नाही, साडेचार किलोच्या वर घट. कारण टक्केवारी आधी १०० किलोची होती आणि नंतर कमी झालेल्या वजनाची आहे, टक्का बदलला तसा पाया पण बदलला. द्राक्षाला तर हे लईच मोठं होतंय. १०० किलो द्राक्षात ८० टक्के पाणी धरा, बेदाण्यात १५. वीस किलो सुका भाग भागिले ०.८५, साडेतेवीस किलो बेदाणा. चार किलोला एक किलो असं आपल्याकडं जे तोंडी म्हणतात ते इथनं येतंय.

मधीच एक, पुतण्या दहावीला आहे, तो दुकानात बसून म्हणला, काका तुमच्या काट्यावर किलो लिहिलंय ते चुकीचं आहे, वजन न्यूटनमध्ये असतं, किलोमध्ये वस्तुमान. बरोबर आहे त्याचं. पन्नास किलोचं पोतं म्हणजे वस्तुमान पन्नास किलो, आणि पृथ्वी त्याला खाली ओढती तो जोर साधारण ४९० न्यूटन, ते वजन. बाजारात आपण वजन म्हणतो आणि पैसे वस्तुमानाचे देतो, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. पण काटेवाल्याला हा फरक पैशाचा आहे. इलेक्ट्रॉनिक काट्यातली लोडसेल फक्त जोर मोजते, किती दाबलं गेलं तेवढं, आणि मग आधी शिकवलेल्या आकड्यावरनं किलो सांगते. जुनी तागडी तसं करत नाही, ती एका पारड्यातला माल दुसऱ्या पारड्यातल्या मापाशी तोलते, ओढ दोन्हीकडं सारखीच. म्हणून धडा केलेली आणि पासंग नसलेली, म्हणजे रिकामी असताना दोन्ही पारडी सारखी राहणारी, तागडी चंद्रावर न्या, किलोला किलोच दाखवंल. माझा काटा तिथं साठ किलोच्या माणसाला दहा किलोचा करंल.

चंद्राचं राहू द्या, महाबळेश्वर बघा. सांगलीपेक्षा ते साधारण आठशे मीटर उंच. सांगलीत लावलेला काटा तिथं नेला तर शंभर किलोला पंधरा ते पंचवीस ग्रॅम कमी दाखवंल, कारण वर ओढ जरा कमी. एक किलो स्ट्रॉबेरीला हा फरक पाव ग्रॅम पण नाही, कुणाला पत्ता लागणार नाही. पण सोन्याचा काटा मिलिग्रॅममध्ये बोलतो, शंभर ग्रॅमला वीस-एक मिलिग्रॅम इकडंतिकडं झाले की त्याला लगेच दिसतंय. तो काटा गाव बदललं की तिथंच मापं ठेवून पुन्हा लावायचा. विषुववृत्तावरनं ध्रुवावर गेलं तर फरक अर्धा टक्का, म्हणजे शंभर किलोला अर्धा किलो. पुतण्यानं मग विचारलं खरा किलो कुठं ठेवलाय? २०१९ पर्यंत होता, पॅरिसजवळ, प्लॅटिनम-इरिडियमचा छोटा ठोकळा, १८८९ पासनं तोच जगाचा किलो. २० मे २०१९ पासनं किलोची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरनं, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावरनं, करतात, ठोकळा नुसता मानाचा राहिला. पुतण्या म्हणला म्हणजे रिटायर झाला. व्हय, तसंच.

आता सरासरी. इथं काट्याचा काही संबंध नाही तरी लोक काटाच घेऊन येतात, ह्याचं मला अजून नवल वाटतंय.

दुधाचं बघू. शेजारच्या वहिनी डेअरीचा दहा दिवसाचा पगार झाला की स्लिपा घेऊन येतात. सकाळी ९ लिटर, फॅट ३.६. संध्याकाळी ५ लिटर, फॅट ४.४. वहिनींची सरासरी ४.०, कारण ३.६ आणि ४.४ च्या मधी ४ येतंय. स्लिपवर आलंय ३.९. म्हणजे पॉइंट एकनं कापलं! कापलं नाही वहिनी. सकाळच्या ९ लिटरला ३.६ धरलं तर ३२.४, संध्याकाळच्या ५ लिटरला ४.४ धरलं तर २२, बेरीज ५४.४, भागिले १४ लिटर, आलं ३.८९. सकाळचं दूध जास्त म्हणून सकाळच्या फॅटचं म्हणणं जास्त ऐकलं जाणार. भारित सरासरी असं पुस्तकात म्हणतात, मी म्हणतो ज्याचं दूध जास्त त्याचं मत जास्त. आणि संध्याकाळचीच फॅट नेहमी जास्त का, तर रात्रीचं अंतर मोठं असतंय, तेवढ्या वेळात दूध जास्त साठतंय आणि फॅटचा टक्का उतरतोय. गाय तीच, वैरण तीच.

त्यात वहिनींची दुसरी एक शंका असती, घरी लिटरच्या मापानं मोजलेलं आणि डेअरीतल्या काट्यावरचं जुळत नाही. दूध पाण्यापेक्षा जड, एक लिटर दूध साधारण १ किलो ३० ग्रॅम. दहा किलो दूध म्हणजे ९.७ लिटर. काही ठिकाणी काटा किलोत असतो आणि पैसे लिटरचे, त्यात वरचा फेस मापात दूध म्हणून धरलेला असतो. कशात मोजलं आणि कशाचे पैसे, एवढं विचारून घ्या, वर्षभराची डोकेदुखी जाती.

बेदाण्याला उलटं होतंय, म्हणजे साधी सरासरी कमी आणि खरी जास्त. एकजण आले, १५० बॉक्स विकलेले, पंधरा किलोचा बॉक्स. हिरवागार माल ४० बॉक्स २१० रुपये किलोनं, मध्यम १०० बॉक्स १६० नं, काळपट १० बॉक्स ९० नं, आकडे सोयीसाठी गोल केलेत. त्यांची सरासरी २१० अधिक १६० अधिक ९० भागिले तीन, १५३ रुपये. घरी जाऊन बायकोला सांगितलं ह्या वर्षी १५३ चा भाव पडला. आता बरोबर करू. ४० गुणिले २१० म्हणजे ८,४००, १०० गुणिले १६० म्हणजे १६,०००, १० गुणिले ९० म्हणजे ९००. बेरीज २५,३००, भागिले १५० बॉक्स, १६८ रुपये ६७ पैसे. किलोमागं पंधरा रुपये जास्त मिळालेले आणि हे तोंड पाडून बसलेले! दहा बॉक्स काळ्या मालाला त्यांनी शंभर बॉक्साएवढा मान दिला होता. इथं बॉक्सनं भागलं तरी चालतंय कारण सगळे पंधराचे होते, काही दहा किलोचे असते तर किलोनंच जावं लागलं असतं.

म्हणजे करायचं काय, तर टक्क्यांची बेरीज करायची नाही, भावांची करायची नाही. मालाची करायची. फॅट असंल तर फॅटचे किलो, बेदाणा असंल तर आलेले रुपये, सगळं एकत्र करायचं आणि शेवटी एकदाच भागायचं. सरासऱ्यांची सरासरी काढली की चुकलात, फक्त सगळीकडं माल सारखा असंल तेवढंच सुटताय.

उसाच्या उताऱ्यावरनं, म्हणजे शंभर किलो उसात साखर किती किलो त्यावरनं, चहाच्या गाड्यावर दर वर्षी वाद होतोय तो पण हाच. समजा कारखान्यानं एका दिवशी ४,००० टन गाळला, उतारा १०.८, दुसऱ्या दिवशी मशीन बंद-चालू करत २,००० टन, उतारा ९.९. गाड्यावर सगळे म्हणणार सरासरी १०.३५. खरी साखर मोजा, ४३२ टन अधिक १९८ टन, ६३० टन साखर ६,००० टन उसात, १०.५. आता २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, बघा, १०.२५ उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आणि वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. साध्या आणि खऱ्या सरासरीत ०.१५ चा फरक म्हणजे हंगामभर तेवढा राहिला तर टनाला जवळजवळ ५२ रुपये. उताऱ्याचा कागद बघताना आजचा उतारा आणि आजअखेर सरासरी उतारा हे दोन वेगळे रकाने असतात, आजअखेरचा बघा. आजचा बघून उड्या मारू नका आणि रडू पण नका.

इंजिनिअरिंगची पोरं पण येतात, काटा नसतो त्यांच्याकडं, आईचा निरोप घेऊन येतात आणि जाताना शंका विचारतात. चार क्रेडिटच्या विषयात ६ पॉइंट, एक क्रेडिटच्या प्रॅक्टिकलमध्ये १०, मग माझा ८ का नाही? चार गुणिले सहा २४, एक गुणिले दहा १०, ३४ भागिले ५, आलं ६.८. प्रॅक्टिकल भारी झालं म्हणून गणित सुटलं असं नाही बाळा. मोठ्या क्रेडिटच्या विषयाला आधी बस.

विट्याकडची गलाईवाली मंडळी देशभर सोनं-चांदी गाळायला गेली, त्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही, रक्तातच आहे. ९१६ चं दहा ग्रॅम आणि ७५० चं पाच ग्रॅम एकत्र वितळवलं तर काय टंच, म्हणजे हजारात शुद्ध सोनं किती? ९,१६० अधिक ३,७५०, भागिले १५, साधारण ८६०. साध्या सरासरीनं ८३३ येतंय. त्या हिशोबानं सोनं विकलं तर पंधरा ग्रॅममागं चाळीस सेंटिग्रॅम शुद्ध सोनं समोरच्याला फुकट. आपल्या आईबहिणींनी जुनं मोडताना हे एकदा कागदावर मांडून बघावं, नाहीतर सोनाराला समोर मांडायला लावावं, लाजायचं नाही.

आणि गाडीचं अॅव्हरेज. आपल्याकडं मायलेजलाच अॅव्हरेज म्हणतात, शब्दच सरासरी, आणि काढतात मात्र चुकीचं. एकदा दोन लिटर टाकलं, ४५ चं पडलं, दुसऱ्यांदा पाच लिटर टाकलं, ५५ चं पडलं, म्हणून ५० नाही. किलोमीटर ९० अधिक २७५, ३६५ भागिले ७ लिटर, ५२. टाकी फुल ते टाकी फुल मोजा आणि महिन्याचे सगळे किलोमीटर भागिले सगळे लिटर.

घरातल्या वजनाचं राहिलंच. बाथरूमच्या काट्यावर उभं राहून रोज भांडणारी माणसं पण माझ्याकडं येतात. सकाळ-संध्याकाळ एक-दीड किलो इकडंतिकडं होतंय ते जेवण आणि पाणी, एक लिटर पाणी प्यालं की एक किलो वाढला, त्यात नवल ते काय. काटा सतरंजीवर ठेवू नका, फरशीवर ठेवा, रोज एकाच फरशीवर. आठवड्याची सरासरी काढायची असंल तर मात्र ही एकच जागा आहे जिथं साधी सरासरी चालती, कारण सातही दिवस तुम्ही एकच असता. गॅसच्या सिलिंडरला पण तोच काटा वापरता येतोय, रिकाम्याचं वजन सिलिंडरवरच कोरलेलं असतंय, त्यात १४.२ किलो मिळवा, तेवढं भरलं पाहिजे. दहा-वीस ग्रॅमवरनं सिलिंडर आणणाऱ्या पोरांशी वाद घालू नका, अर्धा किलो कमी आलं तर घाला.

एवढं सगळं करून पण जुळत नसंल तर खुशाल या. येताना रिकामं बारदान, वही आणि पट्टी तिन्ही आणा, नुसता काटा आणून मला काही कळत नाही. आणि काट्याचा चार्जर आणा ओ, गेल्या महिन्यात चौघं विसरून आले आणि चार्जर माझाच वापरून गेले, त्यातला एक परत पण दिला नाही.